हडकर सरांचे तेरा नारळ

आमच्या शेजारचे हडकर सर रोज सकाळी तेरा नारळांना शिव्या घालायचे.

नारळ म्हणजे खरोखरचे नारळ. न सोललेले, सुंभाने एकमेकांना करकचून बांधून त्यांचा एक अवाढव्य लाडू केलेला, आणि तो लाडू सरांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, तिपाईवर बसवलेला. मधोमध एक नारळ, त्याच्याभोवती बारा. अकरांना पिंजर, म्हणजे कुंकू, फासलेली, दोघांना हळद. प्रत्येकात दाभणाने भोक पाडून झावळीचा एक हीर खोचलेला, कुणाचा वर तोंड करून, कुणाचा खाली. पहिली एसटी आचऱ्याकडे गेली की सर बाहेर यायचे, कमरेवर हात ठेवून त्या लाडवासमोर उभे राहायचे आणि सुरू व्हायचे.

"मेल्यानू, एका तोंडान रवाक काय होता तुमका? हो वर बघता, तो खाली बघता. तुमच्या बापाशीन शिकवल्यान काय नाय?"

त्या आवाजाने आमच्या माडावरचे नारळ आपोआप खाली पडत. आमचा नारळ उतरवणारा पाडेली त्या वर्षांत एकदाही माडावर चढला नाही, नुसता खाली टोपली घेऊन उभा राहायचा. कुणाला खोटं वाटत असेल तर त्या पाडेल्याला विचारा. तो आता गोव्यात आहे, पण विचारा.

सर आठवले की माझं डोकं आजही तापतं. रागीट माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. आमच्या घरातच आहेत, आणि माझ्याबद्दलही लोक बरंच बोलतात. पण आमचा राग म्हणजे दुपारचा पाऊस, आला आणि गेला. हडकर सरांचा राग बारमाही. त्याच्या दोन जाती होत्या. साधा राग मालवणीत यायचा: कावळ्यावर, डासांवर, देठ न काढता मिरच्या विकणाऱ्यावर, माझ्यावर. तो ऐकत आम्ही चहा प्यायचो. पण राग शास्त्रीय असला की तो पुस्तकी मराठीत यायचा. सरांच्या तोंडून 'आपण कृपया' असे दोन शब्द ऐकू आले की माणसं चप्पल हातात घेऊन पळायची.

माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. बल्ब, वायरी, पंप, इन्व्हर्टर, आणि त्या काळात एका कोपऱ्यात एसटीडीचा बूथ. सर एकदा सोल्डरिंगची तार घ्यायला आले होते आणि मी, काही कारण नसताना, बोलून गेलो, "सर, लोखंड ता लोखंड. मोठा काय नि बारीक काय, चुंबकाक चिकटता."

सर थांबले. चष्मा काढला.

"आपण कृपया तो स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा," ते म्हणाले.

मी ठेवला. पळायला जागा नव्हती, दारात तेच उभे होते.

पुढचा तास सर बोलले आणि मी ऐकलं. बूथमध्ये एक बाई मुंबईच्या नवऱ्याशी भांडत होती, तीही फोन हातात धरून ऐकत राहिली. बिल तिने भरलं नाही.

सरांचं म्हणणं असं. धातूच्या प्रत्येक अणूच्या पोटात एक बारीक चुंबक असतं. कोबाल्ट नावाचा धातू सरळमार्गी. त्याचे सगळे अणू आपापलं चुंबक एका दिशेला धरतात. मँगनीज मात्र भांडखोर. अंगात ताकद कोबाल्टपेक्षा जास्त, पण दोन मँगनीज शेजारी आले की एक वर तोंड करणार, दुसरा खाली. दोघांची ताकद एकमेकांना खाऊन टाकते. म्हणून कोबाल्टच्या मोठ्या गोळ्यात मँगनीज मिसळलं की गोळ्याची ओढ उतरते.

"आणि कण लहान केलो तर?" सर आता मालवणीवर आले होते, म्हणजे धोका टळला होता. "इतको लहान, की आत तेराच अणू. तर ताच मँगनीज ओढ वाढवता. कित्याक?"

"कित्याक?" मी म्हटलं.

"बांधणी, मेल्या. मालवणच्या मासळीबाजारात सकाळच्या गर्दीत एक भांडकुदळ कोळीण बसव, काय कळाचा नाय कोणाक. तीच तेरा माणसांत बसव आणि बघ. तेरांतले बारा कडेक असतत, आत एकच. म्हणजे गाव सगळो कुंपणार, आत घर एकच. ज्याका शेजारी कमी, त्याची ओढ जास्त. आणि कोण कोणाच्या बाजूक बसता, त्याच्यार सगळा ठरता. जिन्नस इचारू नको. बांधणी इचार."

जिन्नस विचारू नको, बांधणी विचार. हे वाक्य आम्ही मग उठताबसता ऐकलं. सरांच्या मते जगात वाईट वस्तू नव्हतीच, वाईट बांधणी होती. लग्नाच्या पंगतीत ते यजमानाला उठवून पाट बदलायला लावत. सलूनमध्ये वाट बघणाऱ्यांना खुर्च्या बदलायला लावत. एकदा मालवणच्या एसटीत त्यांनी कंडक्टरशी भांडून सगळ्या प्रवाशांच्या जागा बदलल्या, आणि गाडी त्या दिवशी वेळेवर पोचली. ड्रायव्हर घाबरून कुठे थांबलाच नाही.

नारळांचं कारणही हेच. अकरा लाल ते कोबाल्ट, दोन पिवळे ते मँगनीज. सरांचा आयुष्याचा एकच प्रश्न होता: दोन भांडखोर शेजारी न ठेवता त्यांच्यामध्ये एक सरळ माणूस घातला, तर दोघं एका दिशेला बघतील की नाही?

"बघतीत," मी म्हटलं. "नाय बघूक काय झाला?"

"तू म्हणतंस म्हणान होणा नाय. गणित करूक व्हया."

आता आमच्या भागात नारळाला हळद-पिंजर लावून, वर काड्या टोचून कुणी ठेवला तर त्याला शास्त्र म्हणत नाहीत, करणी म्हणतात. सरांना हे माहीत नसायला ते काय परगावचे नव्हते. पण रंगाचा डबा आणायला मालवणला जावं लागतं आणि हळद-पिंजर घरात असते, एवढाच त्यांचा विचार. एकदा एक बांधणी त्यांना पसंत पडली नाही, दोन्ही पिवळे शेजारी आले होते. त्यांनी तो सगळा लाडू उचलला आणि तीन रस्ते मिळतात त्या तिठ्यावर नेऊन फेकला. सकाळी एसटी तिठ्याला आली आणि उभी राहिली. ड्रायव्हर पुढे जाईना, मागे येईना. गाव जमला. आमच्या देवळाचे मानकरी तात्या गावकर काठी टेकत आले. कुणाची हात लावायची हिंमत होईना. तेवढ्यात सर आले आणि तो लाडू दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला. दोन बायका तिथेच खाली बसल्या.

"सर, ह्या तुमचा?" तात्यांनी विचारलं.

"माझा. चुकलेला आसा."

तात्यांचा चेहरा पांढरा पडला. "चुकलेला म्हणजे? सोडलेला कोणार?"

"सोडतंय खंय? कोबाल्टात बसवलेलंय, बसला नाय."

"हो कोबाल्ट खंयचो? बांद्याचो?"

सर बांद्याच्या कॉलेजात शिकवत होते, तिथूनच निवृत्त होऊन गावी आले होते. तेव्हा तात्यांचा तर्क अगदीच वाईट नव्हता. पण सरांनी तिथे तिठ्यावर, एसटीच्या बंपरला टेकून, पुस्तकी मराठीत व्याख्यान सुरू केलं. एसटी रिकामी झाली. माणसं आचऱ्यापर्यंत चालत गेली.

त्या दिवसापासून सरांच्या खळ्यात कुणी पाऊल टाकेना. भिकारी येईना, वासुदेव येईना. मला जावं लागायचं, कारण उधारीवर वायरी माझ्या. आणि एक जण रोज तिथे असूनही जात नव्हता. तो म्हणजे सरांचा सख्खा धाकटा भाऊ, बाळा.

हडकरांचं घर एकच. मधोमध एक चिऱ्याची भिंत. अलीकडे सर एकटे, पलीकडे बाळा आणि त्याची बायको सुमनवैनी. बाळाचा मासेमारीचा छोटा होडा आहे, आणि राग मोठ्या भावाइतकाच. फक्त याचा राग मुका. दोघं अनेक वर्षं बोलले नव्हते. समोरासमोर आले तर एक माडाकडे बघायचा, दुसरा जमिनीकडे.

कारण सगळ्या वाडीला माहीत होतं. सर तरुणपणी मुंबईत कुठल्याशा मोठ्या संस्थेत याच कणांवर काम करत होते. तिथे खोलीएवढं एक यंत्र होतं आणि त्यावर गणित लावायची पाळी वाट बघून बघून मिळायची. सरांची पाळी आली, गणित सुरू झालं, आणि इकडून निरोप गेला, आवस बरी नाय, ये. सरांनी ठरवलं, एवढं संपवून निघतो. ते निघाले तेव्हा आई गेलेली होती. बाराव्याला बाळाने भिंतीचे चिरे आणून टाकले. सर मुंबईला परत गेले नाहीत. ती पदवी, ते यंत्र, सगळं सोडून बांद्याला शिकवत बसले.

पण एक गोष्ट वाडीला माहीत नव्हती, मला होती. सरांकडे माड नव्हते. माड सगळे बाळाच्या वाट्याला गेले होते. लाडवातला एखादा नारळ सडला, फुटला, की दुसऱ्या सकाळी त्या भिंतीवर एक नवा नारळ बसलेला असायचा. सर तो उचलायचे आणि म्हणायचे, "पडलो वाटता वाऱ्यान." त्या भिंतीच्या वर माड नव्हता. मी बोललो नाही. मला काय करायचं आहे?

निवृत्तीनंतर सरांनी कॉम्प्युटर घेतला. वाडीतला पहिला. त्याचा पंखा असा फिरायचा की सरांचं मांजर त्याच्यामागे उन्हाळ्यात वाऱ्याला आणि थंडीत ऊब घ्यायला बसायचं. सरांनी स्वतः प्रोग्रॅम लिहिला आणि ते जुनं गणित पुन्हा लावलं. गणित दिवसरात्र चाललं तर काही दिवसांनी उत्तर येणार. आणि तेव्हा लोडशेडिंगचे दिवस. सकाळी वीज गेली, दुपारी गेली, संध्याकाळी आली आणि आली म्हणेपर्यंत गेली. वीज गेल्याचं आम्हाला दिव्यावरून कळत नव्हतं, सरांच्या आवाजावरून कळायचं. मग आम्ही दिव्याकडे बघून खात्री करायचो. ते माझ्या बूथवर येऊन वीज कार्यालयाला फोन लावायचे आणि 'आपण कृपया' म्हणायचे. पलीकडचा माणूस फोन ठेवून रजेवर जायचा.

मी त्यांना विकलेला इन्व्हर्टर जेमतेम काही तास काढायचा. पुढे गणित मेलं, की पुन्हा पहिल्यापासून.

"सर, मधे मधे साठवून ठेवा ना. लोक ठेवतत म्हणे," मी एकदा सुचवलं.

"आरत अर्धी म्हणान ठेवतत? आणि उरलेली दुसऱ्या दिवसा?"

"नाय, पण..."

"मग गप रव."

असा माणूस. मदत करायला जावं तर हा असा.

आता आमच्या गावाची एक रीत सांगितली पाहिजे. काही वर्षांनी एकदा देवाचा कौल होतो आणि गाव पळतो. गावपळण म्हणतात तिला. अख्खा गाव घरं सोडून वेशीबाहेर जातो. म्हातारे, तान्ही पोरं, गुरं, कुत्रे, कोंबड्या, सगळे. तीन दिवस गावात देवाशिवाय कोणी राहायचं नाही. मग मानकरी जाऊन पुन्हा कौल लावतात. देवाने हो म्हटलं तर ढोल वाजतो आणि गाव परततो, नाही म्हटलं तर आणखी राहायचं. का, ते विचारू नका. आम्ही कधी विचारलं नाही. खाडीच्या काठाला झावळांच्या खोपी बांधायच्या, मासे मारायचे, भजनं म्हणायची. जुनी भांडणं घरी ठेवून यायची आणि हवी तर तिथे नवी काढायची.

त्या वर्षी भात कापून झालं आणि कौल झाला. सरांचं गणित आदल्याच दिवशी नव्याने सुरू झालं होतं. तात्या गावकर चार माणसं घेऊन सरांच्या कुंपणाशी आले. खळ्यात नाही, कुंपणाशी.

"मी येणार नाही," सर म्हणाले. पुस्तकी मराठी ऐकून चारातली दोन माणसं मागे सरली.

"सर, गावात कोंबोसुदा रवणा नाय."

"आपण कृपया माझी कोंबड्याशी तुलना करू नये."

"नाय करणय. कोंबो आयकता तरी."

सर असे लाल झाले की पिंजर फासलेले अकरा नारळ फिके दिसले. तात्याही हटेनात. एकाने जरी वेस पाळली नाही तर सगळ्या गावाची पळण फुकट. भिंतीपलीकडे बाळा जाळं गुंडाळत होता. तो कुणाकडे न बघता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "रवान्देत त्याका. त्याका माणसांपरास गणित मोठा. आजचा नाय ता."

सरांचं तोंड उघडं होतं, ते तसंच राहिलं. मला ते बघवेना. म्हणून मी मधे पडलो, आणि हीच माझी खोड, हिच्यापायी मी आयुष्यात पुष्कळ ऐकून घेतलं आहे.

"तात्यानू, मशीन रवला तर चलात?" मी म्हटलं. "मशीन माणूस नाय, कोंबो नाय. दुकानात आसत नसत त्यो सगळ्यो बॅटऱ्यो मी लायतंय. गाव इलो काय उत्तर तयार."

तात्यांनी आभाळाकडे बघून विचार केला. रीतीत मशीन कुठेच नव्हतं. "मशीन रवला तर देवाक काय अडचण नाय," ते म्हणाले. बाकीच्यांनी माना हलवल्या.

मी दुकानातला सगळा माल बैलगाडीतून सरांच्या खोलीत आणला. बॅटऱ्या अशा ओळीने मांडल्या की आगबोट चालली असती. सर निघाले. हातात कंदील, काखेत नारळांचा लाडू, मागे मांजर.

"चौथो दिवस झालो तर देवाक जाब इचारीन," त्यांनी तात्यांना बजावलं.

खाडीकाठी खोपींच्या जागा घरांच्या क्रमाने ठरतात. म्हणजे सरांच्या खोपीला बाळाची खोप लागून. दोघांनी एकाच वेळी नकार दिला, इतक्या वर्षांत त्यांचं पहिलं एकमत. तात्या दमले होते. त्यांनी आजूबाजूला बघितलं, मी दिसलो.

"पांडग्या, तू ह्यांच्या मधी पड."

मी पडलो. ते दिवस मी विसरणार नाही. सरांची खोप डावीकडे, बाळाची उजवीकडे, मधे मी, माझी बायको आणि आमची चूल. दोघांना एकमेकांचा श्वास ऐकू येत होता, पण बोलणं सगळं माझ्यामार्फत.

"पांडग्या, त्याका सांग, त्याचो कंदील माझ्या डोळ्यार येता," बाळा म्हणायचा.

"पांडुरंग, त्यांना सांग, प्रकाश सर्व दिशांना जातो. त्यांनी डोळे दुसऱ्या दिशेला न्यावेत."

"त्याका सांग, त्याच्या मांजरान आमचो बांगडो खाल्ल्यान."

"त्यांना विचार, बांगडा कोणत्या बांधणीत ठेवला होता?"

मी सांगायचो. काय करणार? माझी बायको म्हणाली, तुमका तात्यांनी हय बसवल्यानी की टेलिफोन एक्स्चेंज उघडल्यानी? तीही दोघांवर चिडली होती, आणि दोघांवर चिडता येत नाही म्हणून माझ्यावर.

शेवटच्या संध्याकाळी सुमनवैनीने बांगड्याचं तिखलं केलं. टोप उतरवला, एक वाडगा भरला आणि माझ्या हातात दिला. तिने नुसती डावीकडे हनुवटी केली. बाळा खाडीकडे तोंड करून बसला होता. मी वाडगा सरांपुढे ठेवला.

"ह्या कोणी केला? तिरफळा कधी घातली? आधी घातल्यानी तर कडू जाता. बांधणी काय ती..."

त्यांनी एक घास घेतला. मी वाट बघितली. सरांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. वाडगा पुसून खाल्ला. मग कंदिलाची वात बारीक केली आणि खोपीच्या कुडाकडे तोंड करून बसले.

"काय झाला, सर?"

"आवशीची बांधणी," ते म्हणाले. "तशीच आसा."

सर त्या संध्याकाळी कुणावरही ओरडले नाहीत. मला भीती वाटली. रात्री दोनदा मी त्यांना ताप आहे का बघायला उठलो, तर त्यांनी डोळे मिटलेले होते आणि हातात तो रिकामा वाडगा होता.

सकाळी मानकरी देवळात जाऊन कौल लावून आले. ढोल वाजला नाही. "देव नाय म्हणता," तात्यांनी सांगितलं. "आजचो दिवस रवाचा."

मी सरांच्या खोपीकडे बघितलं. खोप रिकामी.

मी धावत सुटलो. वेस म्हणजे एक व्हाळ आहे, गुडघाभर पाण्याचा ओहोळ. पलीकडचं पाऊल गावात पडतं. सर काठावर उभे होते, लेंगा वर खोचलेला, एक पाय पाण्यात. समोर माडांच्या मधून त्यांच्या घराची कौलं दिसत होती. आणि मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं, की बॅटऱ्या दुपारच्या पुढे टिकणार नाहीत. एवढ्या वर्षांचं ते गणित, आणि उत्तर बहुतेक आजच यायचं होतं. जाऊन मशीनचा पडदा वगैरे बंद करावा, दोन तारा सोडवाव्या, तर बॅटऱ्या निदान संध्याकाळपर्यंत ओढण्याची शक्यता होती.

माझ्या मागून बाळा आला. तो माझ्या बाजूने पुढे गेला आणि सरांपासून चार हातांवर थांबला. मी तोंड उघडलं, निरोप नेण्याच्या सवयीने. त्याने मला हाताने गप्प केलं.

"जाऊचा असात तर जा," तो सरांना म्हणाला. इतक्या वर्षांनी सरळ त्यांना. "आवस गेली तेवा इलंस नाय. आता कोणासाठी थांबलंस?"

मला वाटलं आता व्हाळ पेटतो. सरांच्या मानेच्या शिरा फुगल्या. त्यांनी बाळाकडे बघितलं, मग पाण्यातल्या पायाकडे.

"ता गणित चुकीचा निघाला," ते म्हणाले.

"कुठला?"

"तेवाचा. आवशीच्या वेळचा. पयल्याच पायरीक चुकलेलंय. सगळा फुकट गेला."

बाळाने काठावरचा एक खडा उचलला. "माका कधी बोललंस नाय."

"तू इचारलंस कधी? तू चिरे आणलंस."

"तू बघीत रवलंस. अडवलंस नाय."

"काय तोंडान अडवू, मेल्या?"

सरांनी पाय पाण्यातून काढला. लेंगा खाली सोडला आणि काठावरच्या चिऱ्यावर बसले. बाळा उभाच राहिला. मग तोही बसला, पण लांब, मधे एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी जाऊन त्या जागेत बसलो. आम्ही तिघं समोरच्या कौलांकडे बघत राहिलो. ऊन चढलं, डोक्यावर आलं, उतरू लागलं.

"आता गेला असतला," सर म्हणाले.

"काय?"

"मशीन."

बाळाने मान हलवली. व्हाळात एक खडा टाकला.

"चाय घेतलंस सकाळी?" त्याने विचारलं.

"नाय."

मला कुणी विचारलं नाही. मीही घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी देव हो म्हणाला, ढोल वाजला, गाव परतला. सरांच्या खोलीत यंत्र काळं ठिक्कर पडलेलं होतं. मी बॅटऱ्या परत न्यायला गेलो नाही. म्हटलं, शिव्यांचा जोर ओसरू दे.

पण त्याच्या दुसऱ्या सकाळी पहिली एसटी आचऱ्याकडे गेली आणि सरांचा आवाज आला नाही. आमची चूल, कोंबड्या, पाडेली, सगळे थांबून ऐकत होते. मी चहा तसाच टाकून कुंपणाशी गेलो.

सर खळ्यात उकिडवे बसले होते. लाडवाचा सुंभ सोडवून सगळे नारळ जमिनीवर पसरलेले. आणि त्यांच्यासमोर, ज्या खळ्यात गावातलं माणूस पाऊल टाकत नव्हतं, तिथे बाळा बसला होता, हातात सुंभ. एक पिवळा सरांकडे, एक पिवळा बाळाकडे, मधे कुठला लाल घालायचा यावर काही चाललं होतं. मी खाकरलो.

दोन्ही डोकी वर आली.

"ह्यो बघ, इलो," बाळा म्हणाला. "बॅटऱ्यो म्हणे. आगबोट चालतली म्हणे. एक दिवस जास्तीचो झालो तर निपचित पडल्यो."

"कसल्यो बॅटऱ्यो त्यो?" सर उठून उभे राहिले. "कुळथाची पिठी घालून आणलंस काय रे आत?"

"आणि इन्व्हर्टर? तोव ह्याचोच."

"वायरी सुदा ह्याच्योच."

"पंधरा वर्सां आमका लुटता हो."

एका बाजूने एक, दुसऱ्या बाजूने दुसरा. मालवणीत, खणखणीत, एका दमात, श्वास घ्यायलाही न थांबता. एकाचं वाक्य दुसरा पुरं करायचा. सगळं माझ्या अंगावर. मी काय गुन्हा केला होता? माझ्या बॅटऱ्या, माझी गाडी, माझी चूल, माझी झोप. देवाने एक दिवस वाढवला त्याला मी जबाबदार? मला असा संताप आला की मी दोन शिव्या परतही दिल्या, पण त्या दोघांच्या आवाजात कुठे विरल्या कळलं नाही. आमच्या माडावरून एक नारळ धपकन पडला. हे मात्र अगदी खरं आहे.

दमल्यावर सर खाली बसले. पसरलेल्यांतला एक लाल नारळ उचलून त्यांनी कानाशी हलवला, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि तो दोन पिवळ्यांच्या मधे ठेवला. मग सुंभाचं टोक दातात धरलं आणि दुसरं टोक बाळाच्या हातात दिलं.

"घट्ट धर," ते म्हणाले.

बाळाने धरलं.